शनिवारवाडा पाहायला निघालात? मग आधी विश्रामबागवाड्याकडे वळा

आमच्याकडे पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी शनिवारवाडा ठरलेला, आणि दुपारी पानावर बसल्यावरचं वाक्यही ठरलेलं: "बाहेरून भारी आहे हो, पण आत काहीच नाही." नागपूरचे माझे साडू तर पंधरा मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, "दरवाजा पाहायचंच तिकीट होतं म्हणा की!"

पूर्वी मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की चूक पाहुण्यांची नाही, आपण वाडा दाखवतो त्या पद्धतीची आहे. शनिवारवाड्यात जे लाकडाचं होतं ते 1828च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत गेलं. आठवडाभर धुमसत होतं म्हणतात. उरला तट, दरवाजे, नगारखाना आणि जमिनीलगतची दगडी जोती. म्हणजे आपण तिकीट काढून पाहतो ते वाड्याचं जोतं. जोतं पाहून वरचा वाडा डोळ्यांसमोर उभा करायचा असेल तर लाकडी वाडा कसा असतो हे आधी पाहिलेलं हवं. ते न पाहता आत गेलं की समोर फक्त हिरवळ आणि दगड दिसतात, आणि मग माणसं सेल्फी काढून बाहेर पडतात.

पुण्यात शिकायला, नोकरीला नव्याने आलेल्यांसाठी, किंवा एका दिवसापुरतं आलेल्यांसाठी, मी पाहुण्यांना हल्ली ज्या क्रमाने फिरवतो तो क्रम इथे लिहितो. सगळं मिळून अर्धा दिवस लागतो. चालायची तयारी ठेवा.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कधीही जा. पावसाळ्यात हिरवळ सुंदर दिसते, पण दगड शेवाळतात आणि तटाच्या पायऱ्या निसरड्या होतात. चपला-सँडलपेक्षा पकड असलेले बूट घाला. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर अकराच्या आत बाहेर पडायचं असं ठरवून जा. आत झाडं आहेत, पण ज्या जोत्यांपाशी उभं राहून बघायचं ती उन्हात आहेत. गणेशोत्सवात पेठांमधले रस्ते बंद असतात आणि गर्दीत वाड्यापर्यंत पोहोचण्यातच दिवस जातो, तेव्हा त्या दहा दिवसांत गणपती बघा, वाडा राहू द्या. शनिवार-रविवारीही सकाळी लवकर गेलात तर निवांत मिळतो; साडेदहानंतर शाळांच्या सहली येतात आणि "काका मला वाचवा"चा कोरस सुरू होतो.

वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहे. भारतीयांना 25 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 300 रुपये तिकीट आहे, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि रांगही चुकते. पाण्याची बाटली, टोपी, एवढं पुरे. डबा आत उघडून बसू नका. आणि एक छोटी वही जवळ असली तर उत्तम. ती कशाला ते पुढे सांगतो.

मंडईला उतरा, शनिवारवाड्याला नाही

नवखा माणूस रिक्षात बसून थेट "शनिवारवाडा" म्हणतो. तुम्ही मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला आहे, त्यामुळे हे फार सोपं झालंय. पुणे स्टेशनहून येत असाल तर जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलायची (लोक अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात, कुणी तसं सांगितलं तर गोंधळू नका) आणि स्वारगेटकडे जाणारी पकडायची.

गाडी घरी ठेवा, अगदी दुचाकीसुद्धा. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकेरी: शिवाजी रस्त्याने शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जायचं, बाजीराव रस्त्याने परत यायचं. एक वळण चुकलं की अख्खी प्रदक्षिणा. मी एकदा "पाचच मिनिटं" म्हणून गाडी चुकीच्या बाजूला लावली आणि वाड्यातून बाहेर आलो तेव्हा गाडीच्या जागी खडूने लिहिलेला नंबर होता. दंड भरून गाडी सोडवून आणेपर्यंत पाहुण्यांची परतीची ट्रेन निघायची वेळ झाली. तेव्हापासून चालत.

मंडईच्या जुन्या दगडी इमारतीकडे एक नजर टाका. ही 1886ची. त्याआधी पुण्याची भाजी मंडई भरत होती ती शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात. पेशवाई बुडाल्यानंतर सत्तर वर्षांत वाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकायला मांडलेल्या होत्या, हे डोक्यात ठेवून पुढे चला.

आधी लाकूड बघा

मंडईकडून तुळशीबागेत शिरा. सकाळी दुकानं उघडायची असतात, गल्ल्या रिकाम्या असतात आणि रामाच्या देवळापर्यंत धक्का न खाता जाता येतं. (दुपारनंतर गेलात तर बरोबरची मंडळी कानातली बघायला थांबतील आणि शनिवारवाडा दुसऱ्या दिवसावर जाईल.) देवळाचा लाकडी सभामंडप पाहा. दोन मिनिटं खांबाच्या पायाशी बघत उभे राहा. लाकडी खांब थेट जमिनीत रोवलेला नसतो. खाली घडीव दगड असतो, त्यावर खांब उभा असतो. या दगडाला तळखडा म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे शनिवारवाड्यात खांब नाहीत, पण खांबांच्या जागा आहेत.

तुळशीबागेतून बाजीराव रस्त्यावर आलात की विश्रामबागवाडा समोरच. दुसऱ्या बाजीरावाने हा 1807च्या सुमारास बांधून घेतला. आत फिरायला मिळो न मिळो, मुख्य गोष्ट रस्त्यावरूनच दिसते: दर्शनी बाजूचा लाकडी सज्जा, आणि त्याचे सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले खांब. पेशवाईतल्या वाड्यांत हे खांब सगळीकडे असत. समोरच्या फुटपाथवर उभे राहा, म्हणजे सज्जा पूर्ण नजरेत येतो. पुरेसा वेळ बघून घ्या, शक्य असेल तर वहीत दोन रेघांचं चित्र काढा, नाहीतर फोटो घ्या. शनिवारवाड्यात हाच फोटो उघडून जोत्यांवर मनाने ठेवायचा आहे.

दुसऱ्या बाजीरावाला शनिवारवाड्यापेक्षा हा वाडा जवळचा होता. राघोबादादांचा हा मुलगा. शनिवारवाड्यात काय घडलं होतं ते त्याला लहानपणापासून ऐकून माहीत असणारच. ती हकीकत त्या जागेवर पोहोचल्यावर.

बाजीराव रस्त्याने तसेच सरळ उत्तरेला चला. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं लागतात, तिथे थांबायचा मोह आवरा. नाश्ता मात्र इथेच आसपास उरकून घ्या. वाड्यात काही मिळत नाही.

वाड्याला बाहेरून वळसा

दक्षिणेकडून आल्यामुळे तुम्हाला आधी वाड्याची पाठ दिसते. बहुतेक लोक ही बाजू पाहतच नाहीत. मागच्या तटाच्या कडेने चालत पुढे जा आणि भिंतीकडे पाहा: खाली दगड, वर वीट. याची एक गोष्ट सांगतात. सगळा वाडा दगडात उठवायचा बेत होता, पण दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, पेशव्यांचा नव्हे, अशी कुरबूर साताऱ्यापर्यंत गेली. मग पाया आणि खालचा भाग दगडाचा ठेवून वर वीट आली. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, पेशवा हा छत्रपतींचा नोकर होता आणि त्याचं घर किती मोठं असावं याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, एवढं त्यातून कळतं. उत्तरेचा दरवाजा दिल्लीकडे तोंड करून बांधायलाही शाहू महाराजांची हरकत होती, असंही सांगतात. तटबंदीचं बरंचसं काम पुरं झालं ते वाडा बांधणाऱ्या थोरल्या बाजीरावांच्या पश्चात, त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांच्या काळात.

भूमिपूजन 10 जानेवारी 1730ला झालं, वास्तुशांत 22 जानेवारी 1732ला. दोन्ही दिवस शनिवार. खर्च 16,110 रुपये. साग जुन्नरच्या रानातून आला, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीकडून. सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेला बाजीरावांनी पाहिला आणि तीच जागा निवडली, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ऐकून घ्या, अहमदाबादचे लोक त्यांच्या शहराबद्दल आणि हंपीचे लोक विजयनगराबद्दल हीच गोष्ट सांगतात.

वळसा घालून पुढच्या पटांगणात आलात की थोरल्या बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा दिसतो. त्यांच्याबद्दल एक साधा हिशेब करा: वास्तुशांत 1732, रावेरखेडीला मृत्यू 1740. मधली आठ वर्षं, आणि त्यातली बरीचशी घोड्यावर, माळव्यात, बुंदेलखंडात, दिल्लीच्या वेशीवर. ज्याने वाडा बांधला तो त्यात राहिला थोडकाच.

पटांगणात पायऱ्यांवर बसलेली तरुण मुलं, फुगेवाला, सभेच्या तयारीसाठी आणलेल्या खुर्च्या हे नेहमीचंच. पुण्यातल्या कित्येक मोर्चांची सुरुवात आणि सभांची सांगता इथे झाली आहे.

दिल्ली दरवाजा: इथे घाई करू नका

सगळ्या वाड्यात जसंच्या तसं उरलेलं हे एक ठिकाण आहे, आणि लोक त्याच्याखालून फोनमध्ये बघत निघून जातात. दरवाजासमोर दहा पावलांवर थांबा.

फळ्यांवरचे खिळे बघा. एका फळीवर 9 बाय 8 अशा ओळी, म्हणजे 72, आणि एकेक खिळा बारा इंचांचा. माझ्या भाच्याने हात उंच करून खालच्या ओळीला टेकवायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "इतक्या वर कशाला? माणसाला तर लागतच नाहीत." हाच प्रश्न पडायला हवा. हे खिळे माणसासाठी नाहीतच. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, कारण दरवाजा फोडायला हत्तीच आणत असत.

आता उजव्या फळीत एक छोटं दार दिसेल, दिंडी. दरवाजा एरवी बंद, येणं-जाणं दिंडीतून. उंबरा उंच, चौकट बुटकी, त्यामुळे आत येणाऱ्याने पाय उचलायचा आणि मान खाली घालायची, दोन्ही एकाच वेळी. अशा अवस्थेत माणूस तलवार उपसू शकत नाही. दिंडी बंद असली तरी समोर उभे राहून पाय उचलून, मान वाकवून बघा. लोक हसतील, हसू द्या.

आत आलात तरी वाडा दिसत नाही. वाट आधी उजवीकडे वळते, मग डावीकडे. दरवाजा फुटला तरी आत घुसणाऱ्या फौजेला या वळणावर वेग कमी करावाच लागणार. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. तिथे सावली असते, वारा येतो. उन्हाळ्यात मी पाहुण्यांना इतिहास सांगायचा तो इथेच उभा राहून सांगतो. भिंतींवर पुसट झालेल्या चित्रांचे अवशेष आहेत, गणपती, शेषशायी विष्णू. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर थांबलात तरच रेषा दिसायला लागतात. फ्लॅश मारू नका आणि बोटं लावू नका.

खाली नाही, आधी वर

आत शिरल्यावर समोरची हिरवळ बोलावते. तिकडे जाऊ नका. तटावर चढायच्या पायऱ्या धरा. पायऱ्या उंच आहेत, लहान मुलांचा हात धरा. गुडघेदुखी असलेल्यांनी खाली देवडीतच बसून राहिलेलं बरं, त्यांच्यासाठी वरून फोटो आणता येतात.

वर दिल्ली दरवाजाच्या माथ्यावर नगारखाना आहे. लाकडी खांब, कमानी, कडीपाट (म्हणजे तुळयांवर फळ्या टाकून केलेलं छत). आगीतून वाचलेलं हे लाकूडकाम. विश्रामबागवाड्याच्या सज्ज्याची आठवण इथे ताजी होते. खांबाच्या पायाशी तळखडा शोधा. सापडला? आता तटाच्या आतल्या कडेला या आणि खाली पाहा.

वरून सगळा नकाशा उलगडतो. खाली असताना नुसते दगड वाटणारे चौकोन इथून चौक, ओसऱ्या, दालनं, हौद असे वेगळे वाटायला लागतात. वही काढा आणि ढोबळ आराखडा काढा: उत्तरेला आपण उभे आहोत तो दिल्ली दरवाजा, त्याच्याच अंगाला मस्तानी दरवाजा, पूर्वेला खिडकी दरवाजा, आग्नेयेला गणेश दरवाजा, दक्षिणेला नारायण दरवाजा. मधे जोती. कारंज्याची जागा खूण करून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचा अर्धा तास त्यावर चालतो. लहान मुलं असतील तर आराखडा त्यांनाच काढू द्या, मग ती खाली गेल्यावर "काय बघायचं?" असं विचारत नाहीत, तुम्हाला रस्ता दाखवतात.

तटाला नऊ बुरूज आहेत. पूर्ण फेरी घालायला मिळाली तर घाला. उत्तरेला मुठा आणि तिच्यावरचा नवा पूल. 1923चा आहे, शंभरी उलटली, तरी नवा तो नवाच. वाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या मेघडंबरीतून, म्हणजे छत्रीसारख्या छपराच्या सज्ज्यातून, आळंदीच्या ज्ञानेश्वरांच्या देवळाचा कळस दिसायचा असं सांगतात. आता समोर इमारती आहेत.

17 नोव्हेंबर 1817ला इथे इंग्रजांचं निशाण लागलं. खडकीची लढाई होऊन बारा दिवस झाले होते, दुसरा बाजीराव पुणं सोडून गेला होता. निशाण चढवलं ते इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी.

आता जोत्यांवर

खाली उतरा. तीनच गोष्टी शोधायच्या आहेत, बाकी आपोआप दिसतं.

पहिली, तळखडे आणि खांबांच्या जागा. जोत्याच्या कडेने ओळीत ठरावीक अंतरावर चौकोनी दगड किंवा खाचा दिसतात. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजा. तेवढ्या अंतरावर सुरूचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि वर आणखी मजले. फोनमधला विश्रामबागवाड्याचा फोटो आता उघडा. इथे आरसे महाल होता, हस्तिदंती महाल होता, नाचाचा दिवाणखाना होता, गणपती रंगमहाल होता. सगळं सागाचं. आग का विझली नाही हे इथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

दुसरी, पाणी. दगडात कोरलेल्या नाल्या, मोऱ्या, लहान-मोठे हौद यांचा माग काढत चाला. कात्रजच्या घाटापायथ्याशी नानासाहेबांनी तलाव बांधून घेतला आणि तिथून बांधीव नळाने पाणी आठ-दहा किलोमीटर शहरात आणलं. कात्रज उंचावर, पेठा उताराला. पाणी आपल्या वजनानेच वाहत येई. मधे मधे उंच मनोऱ्यांसारखे उच्छ्वास बांधले, म्हणजे नळात कोंडलेली हवा निघून जाई. हेच पाणी शहरातल्या हौदांना आणि वाड्याला मिळे. दीडशेहून अधिक वर्षं पुण्याने ते प्यायलं. वाड्यात पाण्याचा असा हिशेब बसवल्यावरच हजारी कारंज्यासारखी चैन शक्य होते. सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हे कारंजं लहानग्या सवाई माधवराव पेशव्यांसाठी बांधलं असं मानतात. नाव हजारी असलं तरी हजार तोट्या मोजायला बसू नका. कमळाच्या पाकळ्यांचे काठ मात्र वाकून जवळून पाहा. दगडाचं काम इतकं बारीक आहे की पाणी नसतानाही ते ओलं वाटतं.

हेच सवाई माधवराव 1795च्या ऑक्टोबरमध्ये वाड्यातल्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडले आणि त्यातच गेले. वय एकवीस. पडले की उडी घेतली, यावर पुण्यात अजून वाद होतात.

तिसरी गोष्ट, थर. एखाद्या जोत्याच्या कडेला दगड, वीट आणि चुना एकमेकांवर कसे बसवलेत ते बघा. इंग्रजी अमलात इथे तुरुंग होता, दवाखाना होता, पोलिसांची वस्ती होती. आज दिसणारी जोती मोकळी झाली ती 1919नंतर, वास्तू संरक्षित ठरवून उत्खनन केल्यावर. म्हणजे पाहतो ती जागा शंभर वर्षांपूर्वी मातीखालून वर आलेली आहे.

"काका मला वाचवा"

टाळता येणार नाही, तेव्हा नीट सांगतो. 30 ऑगस्ट 1773, गणेशोत्सवाचे दिवस. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे. त्यांचे मोठे भाऊ थोरले माधवराव पेशवे जाऊन वर्षही झालं नव्हतं. काका राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत. पगार थकल्याचं निमित्त करून गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले, त्यांच्या पुढाऱ्यांत सुमेरसिंग होता, आणि पळत काकांकडे गेलेल्या नारायणरावांना त्यांनी तिथेच मारलं. दक्षिणेचा नारायण दरवाजा म्हणजे त्यांचा देह जिथून बाहेर नेला तो, असं सांगतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी ठरवलं. ते स्वतः पेशवे झाले होते, तरीही.

"धरावे"चं "मारावे" आनंदीबाईंनी केलं, ही "ध चा मा"ची गोष्ट पुराव्याने सिद्ध झालेली नाही. भाषेत ती इतकी मुरली आहे की आता काढता येणार नाही, पण पाहुण्यांना सांगताना "असं म्हणतात" एवढे दोन शब्द जोडायला काय हरकत आहे?

आणि भूत. अमावास्येला किंकाळ्या ऐकू येतात का, हे मला वर्षाला किमान तीन जण विचारतात. दरवाजे संध्याकाळी बंद होतात, रात्री आत कुणी नसतं, बाहेर शिवाजी रस्त्यावर हॉर्न इतके वाजतात की किंकाळी आली तरी ऐकू येणार नाही. एकदा एका गाइडने परदेशी पाहुण्यांना एक डाग दाखवून "रक्त" म्हणून सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. पावसाचं पाणी उतरून काळवंडलेला दगड होता. गाइड घ्यायचा असेल तर आधी त्याला हजारी कारंजं कुठे आहे आणि ते कुणासाठी बांधलं, एवढं विचारा; उत्तर भुतापासून सुरू झालं तर नमस्कार करा.

मस्तानीबद्दलही विचारलं जातं. तिच्या नावाचा दरवाजा इथे आहे, पण तिचा महाल पाहायचा तर तो केळकर संग्रहालयात, बाजीराव रस्त्यावर. कोथरूडला तिचा महाल होता, त्याचे भाग सोडवून आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले आहेत. तो वेगळा अर्धा दिवस आहे, आज नको.

बाहेर पडल्यावर

बाहेर आलात की पूर्वेला, रस्ता ओलांडून, लाल महाल. मुलांना आवडतो. सध्याची इमारत 1980च्या दशकात महापालिकेने बांधलेली आहे, शहाजीराजांनी बांधलेली नव्हे. हे आधी सांगितलं तर नंतर हिरमोड होत नाही. 5 एप्रिल 1663च्या रात्री शायिस्ताखानाची बोटं तुटली ती जुन्या लाल महालात, याच परिसरात. जवळच नाना फडणविसांचा नाना वाडा आहे, 1780चा. उघडा असेल तर डोकवा. तिथे लाकडी खांब अजून जागेवर आहेत.

मग कसबा गणपती. लाल महालाकडून चालत पाच-सात मिनिटं. हा पुण्याचं ग्रामदैवत आणि मानाचा पहिला. देऊळ लहानसं आहे, शेंदरी मूर्ती आहे, गाभाऱ्यासमोर गार फरशी आहे. सकाळपासून चालून पाय बोलायला लागलेले असतात, तेव्हा दर्शन घेऊन मंडपात बसा, कुणी उठवत नाही.

तिथून कसबा पेठ मेट्रो स्टेशन जवळ आहे. फडके हौदाचा रस्ता विचारा, कुणीही सांगेल. आणि "हौद कुठाय?" असं विचारू नका, चौकाला नाव उरलंय, हौद शोधत बसलात तर कसब्यातले आजोबा तुम्हाला थांबवून घेतील आणि मग जेवायची वेळ टळेल.